शरदातील नदी आणि पाहुणा मासा : कुलू खोऱ्यातील ट्राऊटचा इतिहास

प्रस्तावना

वर्षाऋतू सरला की हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यात बियास नदीचे रूप पालटते. उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाने आणि पावसाळ्यात डोंगरावरून वाहून आलेल्या मातीने गढूळ झालेले पाणी आश्विनात निवळू लागते. कुलूच्या प्रसिद्ध दसऱ्याचे हेच दिवस. याच सुमारास हिवाळ्यातील प्रजननापूर्वी ब्राऊन ट्राऊट हा मासा भक्ष्यासाठी सक्रिय असतो आणि स्वच्छ पाण्यात त्याला गळावरची कृत्रिम माशी दुरूनही दिसते. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राऊटच्या पाण्यात मासेमारीस बंदी असल्याने शौकिनांच्या वाट्याला शरदातील मोजकेच आठवडे येतात.

हे दृश्य पाहणाऱ्यास ट्राऊट हा त्या नदीचा मूळ रहिवासी वाटतो. वस्तुतः कुलूत तो १९०९ मध्ये आणला गेला. नैसर्गिक भासणारा हा खेळ बर्फ, जहाज आणि कायदा यांच्या साहाय्याने कसा उभा राहिला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गळ आणि कृत्रिम माशी

कृत्रिम माशीने मासे पकडण्याची कला प्राचीन आहे. इ. स. २०० च्या सुमारास एलिअन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील लोक गळाला तांबडी लोकर व कोंबड्याची पिसे बांधून मासे पकडतात, असे नोंदविले आहे. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनचा ‘द कम्प्लीट अँग्लर’ हा ग्रंथ १६५३ मध्ये प्रसिद्ध झाला. १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने ट्राऊटसाठी कृत्रिम माशी वापरण्याच्या तंत्रावर स्वतंत्र भाग जोडला. पुढे हा छंद इंग्रज सभ्य गृहस्थाच्या जीवनशैलीचा भाग बनला. साम्राज्याबरोबर माणसे जगभर गेली आणि त्यांच्यामागोमाग त्यांचा मासाही गेला.

समुद्र ओलांडणारी अंडी

थंड पाण्याचा हा मासा जिवंत स्थितीत उष्ण कटिबंध ओलांडणे दुरापास्त होते. अंडी मात्र थंडीत ठेवली तर त्यांची वाढ मंदावते. पाणी १० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर पिल्ले बाहेर येण्यास साधारण सहा आठवडे लागतात. थंडी वाढेल तसा हा काळही वाढतो. याच तत्त्वाचा आधार घेऊन १८६४ मध्ये जेम्स यूल यांनी शेवाळात गुंडाळलेली अंडी बर्फाच्या कोठीत ठेवून ‘नॉरफोक’ जहाजाने सुमारे १२ आठवड्यांच्या प्रवासाने ऑस्ट्रेलियाकडे धाडली. त्यातूनच टास्मानियात ट्राऊट रुजला.

भारतात नीलगिरीवर १८६० च्या दशकात मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी केलेले प्रयत्न फसले. काश्मीरसाठी ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी १८९९ मध्ये पाठविलेली अंडी वाटेतच नष्ट झाली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप मात्र तगली. श्रीनगरमधील गालिचा-उद्योजक फ्रँक मिचेल यांनी त्या पिल्लांच्या संगोपनात पुढाकार घेतला. काश्मीरमधूनच १९०९ मध्ये जी. सी. एल. हॉवेल या सनदी अधिकाऱ्याच्या प्रयत्नाने अंडी कुलूत आली आणि महिली येथील केंद्रात उबविली गेली. याचा अर्थ असा की, बियासमधील ट्राऊट हा निसर्गाच्या योगायोगाने नव्हे, तर चिकाटीच्या प्रशासकीय प्रयत्नाने आला.

कायदा, परवाना आणि स्थानिक मासा

मासा आणणे पुरेसे नव्हते. तो टिकविण्यासाठी नदीवर नियंत्रण हवे होते. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास मनाई केली. कुलू तेव्हा पंजाब प्रांताच्या कांगडा जिल्ह्यात होते. तेथे १९१४ च्या पंजाब कायद्याने परवान्याची चौकट घट्ट केली आणि स्वातंत्र्यानंतर १९७६ च्या हिमाचल प्रदेश कायद्याने ती पुढे चालविली. विषबंदीचा लाभ सर्वच जलचरांना झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या पाण्यात केवळ काठी व दोर यांनाच परवाना मिळतो, तेथे जाळे टाकणे हा गुन्हा ठरतो. एकाचा छंद कायदेशीर आणि दुसऱ्याचे पोट बेकायदेशीर, अशी ही विभागणी होय.

स्थानिक माशाची कथाही बोलकी आहे. हिमालयीन नद्यांत शायझोथोरॅक्स या वंशाचे मासे पूर्वापार आहेत. १८३८ मध्ये हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने काश्मीरमधील नमुन्यांवरून त्यांचे शास्त्रीय वर्णन केले. हे मासे रोहू-कटल्याच्या कुळातील असूनही इंग्रजीत त्यांना ‘स्नो ट्राऊट’ म्हटले गेले. आपल्या परिचयाच्या माशाच्या नावानेच परक्या माशाला ओळखण्याची ही वृत्ती लक्षणीय आहे. आज त्यांची संख्या घटण्यामागे धरणे व प्रदूषण यांबरोबरच ट्राऊटशी होणारी स्पर्धा व ट्राऊटकडून होणारे भक्षण हीही कारणे सांगितली जातात. जगातील सर्वाधिक उपद्रवी अशा १०० आक्रमक प्रजातींच्या जागतिक यादीत ब्राऊन आणि रेनबो हे दोन्ही ट्राऊट समाविष्ट आहेत.

समारोप

तथापि ट्राऊटला केवळ परका म्हणून बाजूला सारणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरेल. नॉर्वेच्या सहकार्याने पतलीकूहल येथे ट्राऊटपालनाला चालना मिळाली आणि पुढे डोंगराळ भागातील अनेक कुटुंबांना त्यातून उत्पन्नाचे साधन लाभले. शतकाहून अधिक काळ नदीत राहिलेला हा पाहुणा आता परत जाणार नाही.

इतिहासाच्या अभ्यासकापुढील खरा प्रश्न साधनांचा आहे. या विषयावरील लेखन प्रामुख्याने शौकिनांची पुस्तके आणि सरकारी अहवाल यांवर उभे आहे. गळ टाकणाऱ्याने लिहून ठेवले. जाळे टाकणाऱ्याने लिहिले नाही. त्यामुळे पहिल्याची स्मृती इतिहास ठरली आणि दुसऱ्याची उपस्थिती नियमभंगाच्या नोंदीपुरती उरण्याचा धोका निर्माण झाला. नदीकाठच्या वृद्धांच्या मौखिक आठवणी, स्थानिक माशांची लोकनावे आणि जुन्या जाळ्यांचे प्रकार यांची नोंद वेळीच झाली, तरच शरदातील त्या नितळ पाण्यात दोन्ही बाजूंचे प्रतिबिंब दिसू शकेल.