व्हॅलग्रिंडचा नकार
सी भाषेने प्रोग्राम लिहिणाऱ्याला संगणकाच्या मेमरीचे जणू मुखत्यारपत्रच बहाल केले. परंतु मागून घेतलेली जागा परत केली की नाही, अथवा काही लिहिण्यापूर्वीच कोऱ्या जागेतून वाचन झाले की काय, याचा जाब विचारणारा अंमलदार मात्र नेमला नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी रीड हेस्टिंग्ज यांच्या कंपनीने १९९१ च्या सुमारास 'प्युरिफाय' विक्रीस आणले. लिनक्सच्या मुलखात ब्रूस पेरेन्स यांचे 'इलेक्ट्रिक फेन्स' होते. हद्द ओलांडणाऱ्या प्रोग्रामला ते जागीच थांबवी, पण कोऱ्या जागेच्या वाचनाची दखल घेणे त्याच्या आवाक्याबाहेर होते.

ते सामर्थ्य ज्युलियन सीवर्ड यांच्या व्हॅलग्रिंडमध्ये होते. जुलै २००२ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. ते मूळ प्रोग्रामला प्रत्यक्ष प्रोसेसरवर धावू न देता त्याच्या सूचनांचे भाषांतर करून चालवते आणि मेमरीतील प्रत्येक बिटाच्या वैधतेचे स्वतंत्र दप्तर ठेवते. त्यामुळे काम वीस-तीस पटींनी मंदावते, हे ओघानेच आले.

इतक्या अंतरंगात शिरणाऱ्या साधनाला यजमानाच्या घराची खडान्‌खडा माहिती लागते, आणि ते बसवताना वा चालवताना येणाऱ्या अडचणींचे मूळ बहुधा तेथेच असते. २०११ मध्ये लिनक्स कर्नलचा क्रमांक २.६.३९ वरून ३.० झाला, तो मोठ्या स्थित्यंतरामुळे नव्हे. तरीही बांधणीपूर्वी यंत्रणा तपासणाऱ्या व्हॅलग्रिंडच्या 'कॉन्फिगर' स्क्रिप्टने, आपल्या यादीत हा क्रमांक नाही एवढ्याच सबबीवर, नव्या कर्नलवर बांधणी करण्यास साफ नकार दिला. याला मी कारकुनी हट्टच म्हणेन.

दुसरा नकार मात्र मला सर्वस्वी न्याय्य वाटतो. साधन यथासांग बसते, पण पहिल्याच हाकेला अक्षरमालेची लांबी मोजणाऱ्या 'स्ट्रलेन' या फंक्शनाची बदली करता येत नसल्याची तक्रार करून थांबते. कारण असे की, वेगासाठी घडवलेले स्ट्रलेन अक्षरमालेचा शेवट ओलांडून काही बाइट अधिक वाचते. ते निरुपद्रवी असले तरी तपासनिसाला गुन्हाच दिसणार, म्हणून व्हॅलग्रिंड त्याच्या जागी स्वतःचे स्ट्रलेन बसवू पाहते. पण लिनक्सच्या वितरकांनी आकार घटवण्यासाठी प्रोग्राम जोडणाऱ्या 'एलडी-लिनक्स' फायलीतील नावांची नोंदवही काढून टाकलेली असेल, तर बदली करायची कोणाची? अशा वेळी खोट्या आरोपांची रास रचण्यापेक्षा कामच न स्वीकारणे अधिक प्रामाणिक होय. डेबियन या लिनक्स वितरणात ही नोंदवही 'लिबसी६-डीबीजी' नावाच्या पॅकेजात वेगळी ठेवलेली असते. ते बसवले की तक्रार मिटते, आणि व्हॅलग्रिंड पुन्हा बांधण्याचे कारण उरत नाही.