प्रगतीपुस्तक कोणाला वाचता यावे?

खंडवा-अकोला या जुन्या मीटरगेज मार्गावरचे तुकईथड आज मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात मोडते. मेळघाटाला लागून असलेल्या या पट्ट्यात घरोघरी कोरकू, मराठी, निमाडी बोलली जाते. सरकारी शाळेचा कारभार मुख्यतः हिंदीत चालतो. मुलाची प्रगती पालकाला कशी सांगावी, हा प्रश्न अशा गावी फार टोकदार होतो. पालक उदासीन असतात, असे त्यावर सर्रास म्हटले जाते. मला ते निदान चुकीचे वाटते. शाळा आपला हिशेब गावाला देईनाशी झाली आणि वरच्या कचेरीला देऊ लागली, तेव्हा पालक त्या व्यवहारातून बाहेर पडला.

मराठी मुलखात पंतोजींच्या शाळेला प्रगतीपुस्तक ठाऊक नव्हते. मुलगा पाढे, पावकी, निमकी घोकायचा आणि दिवेलागणीला घरी परवचा म्हणायचा. बापाला अक्षरओळख नसली तरी पोर कुठे अडखळते, हे त्याच्या कानाला कळे. पंतोजींची गुजराण गावाने दिलेल्या धान्यावर आणि पैशांवर, त्यामुळे पालकाला टाळून त्यांचे भागत नसे. या शाळेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. मुली आणि अस्पृश्य ठरवलेल्या जातींची मुले तिच्या बाहेर होती, आत छडीचे राज्य होते. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर प्रांतोप्रांती शिक्षण खाती उभी राहिली. निमाड 1864 मध्ये मध्य प्रांतात आला आणि त्याच चौकटीत बसला. दार थोडे रुंद झाले, पण मास्तरांचे लक्ष तपासनिसाच्या शेऱ्याकडे लागले. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे मागितले होते ते नेमके याच्या उलट: प्राथमिक शाळेचे शिक्षक शेतकरी समाजातून यावेत, लोकांत मिसळणारे, त्यांच्या गरजा ओळखणारे असावेत. शिक्षक आणि पालक यांच्यातली दरी त्यांनी तेव्हाच ओळखली होती.

मध्य प्रदेशाने पुढे ही दरी बुजवायचा एक मोठा प्रयत्न केला. 1 जानेवारी 1997 पासूनच्या शिक्षण हमी योजनेत, एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि आदिवासी भागात 25, इतरत्र 40 मुले असतील, तर गावाने मागणी करायची आणि शासनाने 90 दिवसांत गुरुजी द्यायचा, असा करार होता. तुटपुंजे मानधन आणि अपुरे प्रशिक्षण ही या योजनेची खरी दुखणी. पण शाळा मागणारा पालक शाळेला जाब विचारू शकतो, हे तिने मान्य केले. 2002 च्या जनशिक्षा अधिनियमाने पालक शिक्षक संघ आणले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, आणि कलम 24 ने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्यच ठरवले.

निरक्षर आईबापांना श्रेणी आणि मूल्यमापन काय समजणार, असा आक्षेप यावर येतो. पण परवचा ऐकणारा बाप तरी कुठे साक्षर होता? न समजणारी गोष्ट श्रेणीचा कागद आहे, प्रगती नव्हे. मजुरीसाठी बाहेरगावी गेलेले पालक सभेला येत नाहीत, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचे उत्तर सभेच्या वेळापत्रकात आहे: सभा माणसे गावी असतानाच्या दिवसांत, संध्याकाळी, वस्तीवर घ्यायला हवी. कोरकू न येणाऱ्या शिक्षकाने ती जाणणाऱ्या गावकऱ्याला सोबत बसवावे. मुलालाच दुभाषी करू नये, कारण मग आपल्याच उणिवा आईला सांगायचे ओझे त्याच्यावर पडते. पुढच्या सभेत सहीचा कागद पुढे करण्याआधी मुलाला आईबापांसमोर चार ओळी वाचू द्याव्यात, एक हिशेब करू द्यावा, आणि त्यावर पालक काय म्हणतात ते शिक्षकाने आधी ऐकून घ्यावे.