घरगुती जलजीवालयातील माशांची निवड

शोभेसाठी अथवा निरीक्षणासाठी जिवंत मासे ठेवण्याच्या घरातील काचेच्या टाकीस घरगुती जलजीवालय म्हणतात. नदीत वा तलावात पाणी प्रतिकूल झाल्यास माशाला दुसरीकडे जाता येते. टाकीत ती सोय नसल्यामुळे कोणता मासा निवडावा, यावरच त्याचे जगणे अवलंबून असते. मासे पाळण्याच्या सुमारे एक हजार वर्षांच्या इतिहासात ही निवड पाळणाऱ्याच्या आवडीइतकीच पाण्यातील ऑक्सिजन, तापमान आणि वाहतुकीची साधने यांनी ठरविलेली दिसते. टाकीत तग धरू शकणारा मासा आणि टाकी मानवणारा मासा यांतील भेद मात्र बऱ्याच उशिरा लक्षात आला.

सोनेरी मासा : शोभेसाठी पाळल्या गेलेल्या माशांत चीनमधील सोनेरी मासा सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याचे शास्त्रीय नाव कॅरॅसियस ऑरेटस असून तो सिप्रिनिडी कुलातील आहे. मूळच्या करड्या-हिरवट माशांत क्वचित आढळणारे पिवळसर-तांबडे मासे वेगळे काढून त्यांची तळ्यांतून पैदास करण्याची प्रथा सुंग राजवंशाच्या काळात (९६०–१२७९) रुजली. मिंग राजवंशाच्या काळात (१३६८–१६४४) हे मासे भांड्यांतून घरात आले. भांड्यातील मासा वरून पाहिला जात असल्यामुळे दुहेरी शेपटी, आखूड शरीर व बटबटीत डोळे असलेले प्रकार निवडीने टिकवून धरण्यात आले. सतराव्या शतकात हा मासा यूरोपात पोहोचला.

सोनेरी माशाच्या या प्रसाराचे कारण त्याच्या शरीरक्रियेत आहे. त्याला थंड पाणी सोसते. ऑक्सिजन अत्यंत कमी झाल्यास तो शरीरात साठणाऱ्या लॅक्टिक अम्लापासून एथिल अल्कोहॉल तयार करून ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो व काही काळ जिवंत राहतो. या चिवटपणामुळेच लहान गोल भांडे त्याला पुरेसे आहे, असा समज दृढ झाला. वास्तविक सामान्य सोनेरी मासा १५ ते २० सेंमी. किंवा त्याहूनही मोठा होतो व चांगल्या परिस्थितीत दहा वर्षांहून अधिक जगतो. भांड्यात अल्पावधीत मरण पावलेला मासा अल्पायुषी होता असे मानले गेले. भांडेच अयोग्य होते, हे ध्यानात घेतले गेले नाही.

समतोलाची कल्पना : पाण्यातील जीवांचा अभ्यास करण्यासाठी काचेच्या टाक्या वापरण्यास झान व्हीलप्रे-पॉवर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ स्त्रीने १८३२ मध्ये सिसिली बेटावरील मेसीना येथे सुरुवात केली. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष तेथील केमिकल सोसायटीपुढे मांडले. त्यांनी एका टाकीत दोन लहान सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची कुजणारी पाने पाणी गढूळ करू लागली, तेव्हा ती खाण्यासाठी त्यांनी गोगलगाई सोडल्या व पाणी स्वच्छ राहिले. इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्यामुळे काच स्वस्त झाली होती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यगृह १८५३ मध्ये उघडले आणि फिलिप हेन्री गॉस यांचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर मध्यमवर्गीय घरांत टाक्यांची लाट आली.

मासे, वनस्पती व गोगलगाई यांचा समतोल साधला की पाणी आपोआप शुद्ध राहते, ही कल्पना आकर्षक असली तरी अपुरी होती. वनस्पती प्रकाशातच ऑक्सिजन सोडतात; रात्री त्याही तो वापरतात. टाकीतील बराचसा ऑक्सिजन पाण्याच्या पृष्ठभागातून येतो. म्हणून उंच व अरुंद तोंडाच्या भांड्यापेक्षा पसरट टाकीत अधिक मासे जगतात. शिवाय माशांच्या कल्ल्यांतून उत्सर्जित होणारा अमोनिया हा ऑक्सिजनच्या कमतरतेइतकाच घातक असतो. हा अमोनिया सूक्ष्मजंतूंकरवी प्रथम नायट्राइटात व नंतर पुष्कळ कमी विषारी अशा नायट्रेटात बदलतो. या दोन टप्प्यांमागे भिन्न जीव असल्याचे रॉथॅमस्टेड येथील संशोधनात दाखवून देणारे शास्त्रज्ञ, योगायोगाने, वॉरिंग्टन यांचेच पुत्र होते. त्यांचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन होते. सर्ग्येई व्हिनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास असे सूक्ष्मजंतू वेगळे केले. गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइटाचे रूपांतर करण्याचे काम मुख्यत्वे नायट्रोस्पायरा या प्रजातीसारखे सूक्ष्मजंतू करतात, हे १९९८ मध्ये दाखविण्यात आले. नव्या टाकीत हे सूक्ष्मजंतू वाढण्यास काही आठवडे लागतात. टाकी भरताच त्यात पुष्कळ मासे सोडल्यास ते मरतात, याचे हे प्रमुख कारण होय.

उष्ण प्रदेशातील मासे : बोटीच्या दीर्घ प्रवासात जे मासे टिकले, तेच प्रथम यूरोपात पोहोचले. १८६९ मध्ये पूर्व आशियातील पॅरडाइज मासा पॅरिसला आला व प्येर कार्बोन्ये यांनी त्याची तेथे पैदास केली. त्यानंतर काही वर्षांतच सयामी झुंजार मासाही तेथे पोहोचला. या दोन्ही माशांच्या कल्ल्यांच्या वर घड्यांचे एक विशेष इंद्रिय असते. त्यामुळे पृष्ठभागावर येऊन ते हवेतील ऑक्सिजन घेऊ शकतात व कोंदट पाण्यातही जगतात. पिलांना जन्म देणारा गप्पी मासा विसाव्या शतकाच्या प्रारंभी लोकप्रिय झाला. तो कोठेही सहज वाढत असल्यामुळे नवशिक्यांसाठी नेहमी सुचविला जातो.

विजेचे उष्णतादायक, हवेचे पंप व विमानवाहतूक यांमुळे ही मर्यादा सुटली. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील निऑन टेट्रा या माशाचे शास्त्रीय वर्णन १९३६ मध्ये झाले आणि लवकरच तो जगभर गेला. ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांमुळे नाजूक मासेही दूरवर नेता येऊ लागले. परिणामी निवडीचा भार निसर्गाकडून पाळणाऱ्याकडे आला. पूर्वी न टिकणारा मासा वाटेतच मरे. आता तो जिवंत घरी पोहोचतो आणि अयोग्य टाकीत मरतो.

भारतातील परिस्थिती : मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. येथे अनेक पिढ्यांना काचेआडचे मासे प्रथमच पाहावयास मिळाले. भारतातील काही मासेही जगभरच्या टाक्यांत पोहोचले आहेत. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात वर्णिलेला झेब्रा मासा (डॅनिओ रेरिओ) चिवट, लहान व कळपप्रिय असून त्याची टाकीत सहज पैदास होते. याउलट केरळ व दक्षिण कर्नाटकातील सह्याद्रीच्या ओढ्यांत आढळणारा डेनिसन बार्ब (सह्याद्रिया डेनिसोनी) निर्यातीसाठी इतका पकडला गेला की, आज त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. त्याला वाहते, ऑक्सिजनयुक्त पाणी व पोहण्यास लांब टाकी लागते. म्हणून पिल्ले पाळीव पैदाशीची आहेत की ओढ्यातून पकडलेली, ही चौकशीही निवडीचाच भाग ठरते.

निवडीचे निकष : माशाची निवड त्याच्या विक्रीच्या वेळच्या आकारावरून न करता पूर्ण वाढीच्या आकारावरून करावी लागते. दुसरा निकष पाण्याचा आहे. निऑन टेट्राला मृदू, किंचित अम्लीय पाणी मानवते, तर आफ्रिकेतील मलावी व टांगानिका सरोवरांतील सिक्लिड माशांना कठीण व क्षारीय पाणी लागते. सोनेरी माशाला थंड पाणी मानवत असल्याने उष्ण प्रदेशातील माशांसोबत त्याला ठेवणे योग्य नसते. तिसरा निकष सोबतीचा होय. निऑन टेट्रा कळपात राहतो व एकटा ठेवल्यास भेदरतो; सयामी झुंजार माशाचे दोन नर मात्र एकत्र ठेवता येत नाहीत. सुमारे १५ सेंमी. लांबीपर्यंत वाढणारा एंजल मासा लहान असताना टेट्रांसोबत शांतपणे राहतो, पण मोठा झाल्यावर त्यांना खातो.

निवड चुकल्याचे परिणाम टाकीपुरते मर्यादित राहत नाहीत. काचेवरील शेवाळ खाण्यासाठी आणला जाणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा टाकीत मावेनासा झाल्यावर अनेकदा जवळच्या नदीत वा तळ्यात सोडून दिला जातो. खडबडीत कवचाचा हा मासा भारतातील अनेक जलाशयांत पसरला असून भीमा नदीवरील उजनी जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्याला बाजारात मागणी नसते. नको झालेला मासा नैसर्गिक पाण्यात न सोडता विक्रेत्याकडे वा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे सोपविणे, हाच त्यावरील सुरक्षित उपाय आहे.

उपकरणांमुळे आज जवळजवळ कोणताही मासा घरात आणता येतो. तथापि उपलब्ध पाणी, टाकीचे क्षेत्रफळ व पाळणाऱ्याचा वेळ यांचा हिशेब प्रथम करून त्यांत बसणारा मासा शोधणे हाच निवडीचा सुरक्षित क्रम होय.