रेडिओ ग्राहीची संवेदनशीलता

रेडिओ ग्राहीची संवेदनशीलता म्हणजे ठरावीक अचूकतेने माहिती वाचता यावी यासाठी ग्राहीच्या अँटेना-जोडणीपाशी आवश्यक असलेली संदेशाची किमान शक्ती होय. ती डीबीएम या एककात मोजतात (१ मिलिवॅट = ० डीबीएम). आकडा जितका अधिक ऋण, तितका ग्राही अधिक संवेदनशील. मातीचा ओलावा किंवा विहिरीची पाणीपातळी कळवणाऱ्या अल्पशक्ती बिनतारी दुव्यांत प्रक्षेपकाची शक्ती बॅटरी व नियम यांमुळे मर्यादित असते. त्यामुळे दुव्याचा पल्ला बराचसा ग्राहीवर अवलंबून असतो.

सूत्र

संवेदनशीलता = −१७४ + १० लॉग (पट्टारुंदी, हर्ट्झमध्ये) + गोंगाटांक + आवश्यक संदेश-गोंगाट गुणोत्तर

येथे −१७४ डीबीएम हा २९० केल्व्हिन (सुमारे १७° से.) तापमानास दर हर्ट्झ पट्टारुंदीतील औष्णिक गोंगाट आहे. लोरा पद्धतीत १२५ किलोहर्ट्झ पट्टारुंदी, ६ डीबी गोंगाटांक आणि −२० डीबी गुणोत्तर (प्रसरण गुणांक १२) धरल्यास संवेदनशीलता सुमारे −१३७ डीबीएम येते.

परिणाम करणारे घटक

* पट्टारुंदी : ती निम्मी केल्यास गोंगाट ३ डीबीने घटतो, मात्र माहितीचा वेगही कमी होतो.
* मॉड्युलेशन : लोरामध्ये प्रसरण गुणांक ७ वरून १२ केल्यास संवेदनशीलता सुमारे १२.५ डीबीने सुधारते. परंतु वेग सेकंदाला सुमारे ५,४७० बिटांवरून २९३ बिटांवर येतो. संदेश अधिक काळ हवेत राहतो व बॅटरी लवकर संपते.
* केबलमधील घट : पहिल्या प्रवर्धकापूर्वीची घट गोंगाटांकात जशीच्या तशी मिळते. ३ डीबी घट म्हणजे निम्मी शक्ती वाया जाणे.
* तापमान : विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४७° से.वर गेला तरी औष्णिक गोंगाट केवळ ०.४ डीबीने वाढतो. स्फटिक दोलकाची वारंवारता सरकणे अधिक त्रासदायक असते. ८६६ मेगाहर्ट्झवर दशलक्षांश २० इतका फरक म्हणजे सुमारे १७ किलोहर्ट्झ; अरुंद पट्ट्याच्या ग्राहीत संदेश गाळणीबाहेर जाऊ शकतो.
* बाह्य व्यत्यय : मोटारपंपाचे नियंत्रक व स्विचिंग वीजपुरवठे स्थानिक गोंगाट निर्माण करतात. शेजारच्या वारंवारतेवरील प्रबळ प्रक्षेपणाने ग्राही बधिर होतो.

भारतातील स्थिती

भारतात ८६५–८६७ मेगाहर्ट्झ पट्टा अल्पशक्ती उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ८५० मेगाहर्ट्झ मोबाइल पट्ट्यातील मनोऱ्यांचे प्रक्षेपण ८६९ मेगाहर्ट्झपासून सुरू होते. म्हणून अशा मनोऱ्याजवळ ग्राही बसवताना योग्य गाळणी आवश्यक ठरते.

उदाहरण

वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) या गावात ग्राही आणि ५ किमी दूरच्या शेतात २५ मिलिवॅटचा (१४ डीबीएम) संवेदक आहे, अशी कल्पना करू. ८६६ मेगाहर्ट्झवर मोकळ्या अवकाशातील घट सुमारे १०५ डीबी असते. अँटेनांची वृद्धी शून्य धरल्यास ग्राहीपाशी −९१ डीबीएम संदेश पोहोचतो व −१३७ च्या तुलनेत ४६ डीबी राखीव उरते. प्रत्यक्षात झाडे, घरे आणि जमिनीचा चढउतार या राखीव भागातील बराचसा खाऊन टाकतात. या अंतरावर निर्वेध मार्गासाठी मध्यभागी लागणाऱ्या पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची त्रिज्या सुमारे २१ मीटर असते. त्यामुळे अँटेना उंचावर बसवणे हे अनेकदा महागड्या ग्राहीपेक्षा अधिक उपयोगी ठरते.