सेंद्रिय अन्न व आरोग्य : मूळ साधनांची छाननी

शेणखतावर पिकलेलें धान्य रासायनिक खतावर पिकलेल्या धान्याहून अधिक आरोग्यदायी असतें काय, हा प्रश्न आज घरोघरीं निघतो. होकार देणारे बहुधा दोन आधार पुढें करितात : एक प्राचीन ग्रंथांचा, दुसरा इंदूर व कुन्नूर येथील विसाव्या शतकांतील संशोधनाचा. आधार दाखविला म्हणजे तो मुळाबरहुकूम तपासणें हें साधनें जमविणारांचें कामच आहे. तेवढेंच येथें योजिलें आहे.

प्रथम पोथ्या पाहूं. शेणाचा ढीग माघांत खणावा, उन्हांत वाळवून त्याचें चूर्ण करावें, फाल्गुनांत तें शेतोशेतीं खड्ड्यांत पुरावें व पेरणीच्या वेळीं पसरावें, असें ‘कृषिपराशर’ सांगतो. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’ची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे, ती १९९६ त छापून निघाली. तींतील कुणपजलाची कृति झाडांच्या पोषणासाठीं आहे. दोन्हीं ठिकाणीं विषय पिकाचा व वृक्षाचा. दोन खतांच्या अन्नाची तुलना तेथें असणें शक्यच नाहीं. कारण तिचा दुसरा पक्ष तेव्हां जन्मासच आला नव्हता. इंग्लंडांत जॉन लॉज यानें सुपरफॉस्फेटचें पेटंट घेतलें तें १८४२ त.

आतां इंदूर. होळकरांच्या या राजधानींत १९२४ त निघालेल्या वनस्पति-संशोधन संस्थेचे आल्बर्ट हॉवर्ड हे १९३१ पर्यंत संचालक होते. पालापाचोळा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते वरखालीं करून, सुमारें तीन महिन्यांत खत सिद्ध करण्याची ‘इंदूर पद्धति’ येथेंच ठरली. तिचा मूळ ग्रंथ १९३१ चा. त्यावर हॉवर्डबरोबर यशवंत वाड यांचेंही नांव आहे, हें विसरूं नये. ग्रंथाचा विषय मात्र जमिनीचा कस हा आहे. जमिनीचा कस व राष्ट्राचें आरोग्य यांची सांगड हॉवर्डनें १९४० च्या ग्रंथांत स्वतंत्र प्रकरण लिहून घातली. पुशास असतां आपल्या बैलांनीं लाळ-खुरकूत झालेल्या गुरांशीं नाकें घांसलीं तरी त्यांस रोग जडला नाहीं, असें तो सांगतो. ही प्रत्यक्षदर्शी साक्ष आहे. पण केवळ चारा निराळा व बाकी सर्व समान असा दुसरा कळप नसल्यामुळें ती सिद्धान्तास पोंचत नाहीं.

कुन्नूरचे रॉबर्ट मॅकॅरिसन यांचे प्रयोग दोन असून त्यांची नेहमीं गल्लत होते. शीख लोकांचा आहार व गरीब इंग्रजांचा आहार उंदरांस देऊन केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. परंतु त्यांत एकीकडे पोळी, दूध, लोणी, डाळ, भाजी व दुसरीकडे पांढरा पाव, मार्गारीन, गोड चहा अशी तुलना होती, खतांची नव्हे. खतांचा प्रयोग वेगळा. तो विश्वनाथ यांच्यासह १९२६ त प्रसिद्ध झाला व त्यांत शेणखताचा दाणा पौष्टिकतेंत सरस ठरला. या वादांतील खरें अस्सल साधन हेंच; पण तें एकटें आहे.

नंतरचा पुरावा दुभंगलेला आहे. लंडनच्या २००९ च्या समीक्षेस पोषकद्रव्यांत महत्त्वाचा फरक आढळला नाहीं. १९१४ नव्हे, २०१४ च्या, ३४३ निबंधांवरील समीक्षेंत सेंद्रिय पिकांत कॅडमियम व कीटकनाशकांचे अंश कमी आणि कांहीं उपकारक द्रव्यें अधिक आढळलीं. फ्रान्समधील सुमारें ६९,००० लोकांच्या २०१८ च्या पाहणींत सेंद्रिय अन्न खाणारांत कर्करोग कमी दिसला. ब्रिटनच्या सहा लाखांवर स्त्रियांच्या २०१४ च्या पाहणींत एकंदर कर्करोग कमी दिसला नाहीं. असें अन्न घेणारांची सांपत्तिक स्थिति व राहणीही निराळी असते, हें दोहोंकडे ध्यानांत ठेविलें पाहिजे.

सारांश, जमिनीचा कस वाढतो व विषाचे अंश घटतात, इतकें साधनें बोलतात. आरोग्याचा दावा अद्याप तर्काच्या कोटींत आहे, असें आमचें मत आहे. चांगल्या खताची बाजू मांडण्यास त्याहून अधिक बोलण्याची गरजही नाहीं. इंदूर संस्थेचीं टिपणें, हिशेब वा पत्रें ज्यांच्या दप्तरीं असतील, त्यांनीं तीं रद्दींत न घालतां जपून ठेवावीं, एवढी विनंति आहे.