नोकरी सांभाळून काढलेली रेषा

करोल बागेतील आमच्या बिऱ्हाडी दिवाळी अंक येतात ते बहुधा दिवाळी उलटल्यावर. अजमलखान रस्त्यावरची रोषणाई उतरलेली असते, कचेरीच्या सुट्ट्याही संपलेल्या असतात. अंक हाती पडताच आम्ही आधी हास्यचित्रे पाहतो, मजकूर मागाहून. ही सवय ज्यांनी लावली, त्यांत वसंत सरवटे यांचे नाव अग्रभागी आहे.

सरवट्यांचा जन्म ३ फेब्रुवारी १९२७ चा, कोल्हापूरचा. पुढच्याच वर्षी, ३ नोव्हेंबर १९२८ रोजी, जपानात ओसामु तेझुका जन्मले. दोघांचीही विद्या एक, वेड दुसरे. सरवटे स्थापत्य अभियंता झाले. तेझुकांनी ओसाका येथे वैद्यकीचे शिक्षण घेतले. पण पुढे वाटा फुटल्या. युद्धाने होरपळलेल्या जपानात स्वस्त चित्रकथांना अमाप वाचक लाभला. १९४७ साली ‘शिन ताकाराजिमा’ या पुस्तकाने तेझुकांचा बोलबाला झाला. १९५२ पासून त्यांच्या ‘आतोमु’ या यंत्रबालकाची मालिका मासिकातून मुलांना भेटू लागली. नियतकालिकांनी इतके काम पुरविले की वैद्यकी मागे पडली.

मराठी चित्रकाराच्या पाठीशी असा बाजार नव्हता. त्याचे मुख्य पीक वर्षातून एकदा, दिवाळीत. तेव्हा सरवट्यांनी एसीसी या सिमेंट कंपनीतील नोकरी सांभाळली आणि चित्रे फावल्या वेळात काढली.

या तडजोडीने कला खुजी झाली काय? आम्हांस तसे वाटत नाही. १९५८ च्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या चाळकऱ्यांना सरवट्यांनीच चेहरे दिले. पगाराच्या तारखेकडे डोळे लावून बसणारा माणूस त्यांनी दुरून पाहिला नव्हता. ते त्याच्याच शेजारी वावरले. १९६४ साली सुरू झालेल्या ‘ललित’मध्ये जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाआडून लिहीत. त्या नावाला देह दिला सरवट्यांनी, आणि वाचक त्या चित्रालाच लेखक मानू लागले. शिवाय ‘परकी चलन’ या पुस्तकातून त्यांनी परदेशी व्यंगचित्रकारांची ओळख मराठी वाचकाला करून दिली. दिल्लीत ‘शंकर्स वीकली’ने १९४८ ते १९७५ राजकीय व्यंगचित्राला मानाचे स्थान दिले, सरवट्यांचा विषय मात्र प्रामुख्याने पुढाऱ्याचे नाक नसून साध्या माणसाची वागणूक हा होता.

तरीही हिशेबाची दुसरी बाजू लपविणे बरे नव्हे. तेझुकांच्या हाताखाली साहाय्यक तयार झाले, त्यांच्या मागे एक मोठा व्यवसाय उभा राहिला. आपल्याकडे थोर व्यक्ती झाल्या, व्यवसाय झाला नाही. हा दोष चित्रकारांचा नव्हे. अंक शेजाऱ्याकडून मागून वाचणाऱ्या आपणां सर्वांचा तो आहे, आणि त्यात आम्हीही आलोच.

तेझुका १९८९ साली गेले, सरवटे २४ डिसेंबर २०१६ रोजी. ‘नोकरीत वेळच मिळत नाही’ हे वाक्य कचेरीतून परतताना आमच्या तोंडी अनेकदा येते. सरवट्यांचे एखादे चित्र समोर असले की ते वाक्य पुरे करणे जड जाते. यंदा निदान एक अंक स्वतःच्या पैशांनी घ्यावा, एवढा निश्चय तरी आम्ही केला आहे.