पुनर्जलरोधन (कयाकिंग साहित्य)

पुनर्जलरोधन म्हणजे वापर, धुलाई किंवा सदोष साठवण यांमुळे क्षीण झालेला कापडाचा अथवा साधनाचा पाणी अडवण्याचा गुण पुन्हा प्रस्थापित करण्याची प्रक्रिया होय. कयाक या अरुंद, दुपाती वल्ह्याने चालवल्या जाणाऱ्या होडीच्या साहित्याबाबत ही प्रक्रिया विशेष महत्त्वाची ठरते. कयाकिंगचे जाकीट, बसण्याच्या जागेचे तोंड झाकणारा स्प्रे-स्कर्ट आणि सामान कोरडे ठेवणारी ड्राय बॅग यांचा पाण्याशी सतत संबंध येतो. हीच तत्त्वे रेनकोट, तंबू, पाठपिशव्या व ताडपत्री यांनाही लागू पडतात.

जलरोधनाचे स्तर

जलरोधक वस्त्रात सामान्यतः तीन स्वतंत्र घटक असतात. पहिला घटक म्हणजे कापडाच्या बाह्य पृष्ठभागावरील जलविकर्षी लेप. त्यामुळे पाणी पसरत नाही, थेंबांच्या रूपात घरंगळते. पृष्ठभाग व थेंब यांच्यातील स्पर्शकोन ९० अंशांहून अधिक असल्यास तो पृष्ठभाग जलविकर्षी मानला जातो. दुसरा घटक म्हणजे कापडाच्या आतील बाजूचा पॉलियुरेथेनचा थर किंवा सूक्ष्मछिद्री पटल. पाण्याला प्रत्यक्ष अडवण्याचे काम हा घटक करतो. तिसरा घटक म्हणजे शिवणी व त्यांवर चिकटवलेल्या फिती. सुईने पाडलेल्या छिद्रांतून पाणी आत येऊ नये, यासाठी त्या लावतात.

हे तिन्ही घटक वेगवेगळ्या कारणांनी निकामी होतात व त्यांचे उपायही वेगळे आहेत. बाह्य लेप पुन्हा देता येतो, शिवणी पुन्हा बंद करता येतात. परंतु सुटलेला किंवा विघटित झालेला आतील थर घरगुती उपायांनी पूर्ववत होत नाही. म्हणून पुनर्जलरोधनापूर्वी दोषाचे निदान करणे आवश्यक असते.

दोषाचे निदान

कापडावर पाणी शिंपडल्यावर ते थेंबांत न राहता शोषले गेले व कापड गडद दिसू लागले, तर बाह्य लेप क्षीण झालेला असतो. अशा वेळी आतील पटल शाबूत असूनही वस्त्र गळत असल्याचा भास होतो. बाहेरचे कापड भिजल्याने घामाची वाफ बाहेर जाऊ शकत नाही आणि ती आतच द्रवरूप होते. कोकणातील पावसाळ्यात बाहेरची हवाही आर्द्र असल्याने हा परिणाम अधिक जाणवतो.

ओल केवळ शिवणीलगत येत असल्यास फीत सुटलेली असते. आतील थराचे पापुद्रे निघणे, तो चिकट होणे किंवा त्याला आंबट वास येणे ही विघटनाची लक्षणे आहेत. ड्राय बॅगेत हवा भरून तोंड गुंडाळून बंद करतात व ती पाण्याखाली दाबतात. बुडबुडे येतील तेथे छिद्र असते.

प्रक्रिया

स्वच्छता: अनेकदा लेप नष्ट झालेला नसतो, तर मीठ, गाळ, त्वचेवरील तेल व साबणाचा अंश यांखाली झाकला गेलेला असतो. साबणाचे रेणू जलस्नेही असल्याने त्यांचा थर पाण्याला पसरण्यास मदत करतो. म्हणून सौम्य, सुगंधरहित द्रव साबण वापरून वस्त्र अनेकदा खळबळतात. कपडे मऊ करणारी द्रव्ये व विरंजक टाळतात.

उष्णता: काही लेप सौम्य उष्णतेने पुन्हा कार्यक्षम होतात. वस्त्राच्या पट्टीवरील सूचनेत अनुमती असल्यास कमी तापमानाच्या शुष्कयंत्रात किंवा वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्रीने उष्णता देतात. पीव्हीसी, निओप्रीन व लेटेक्स यांना इस्त्री करत नाहीत.

लेपन: एवढ्याने थेंब घरंगळू लागले नाहीत, तरच नवा लेप देतात. फवाऱ्याने दिलेला लेप फक्त बाहेरच्या बाजूस बसतो. त्यामुळे घाम शोषणारे अस्तर असलेल्या जाकिटासाठी तो सोयीचा असतो. धुण्याच्या पाण्यात मिसळायचे द्रव्य अस्तरालाही लागते.

शिवणी: सुटलेली फीत काढून जागा स्पिरिटने पुसतात व शिवणबंद द्रव्याचा पातळ थर देतात. पॉलियुरेथेनच्या थरावर पॉलियुरेथेनचे, तर सिलिकॉनयुक्त कापडावर सिलिकॉनचेच द्रव्य वापरावे लागते. सिलिकॉनवर अन्य द्रव्ये चिकटत नाहीत.

इतर साधने: निओप्रीनमधील फाट निओप्रीनच्या गोंदाने जोडतात. ड्राय सूटच्या गळ्याला व मनगटांना असलेल्या लेटेक्सच्या पट्ट्या ऊन, ओझोन व तेलकट मलमे यांनी खराब होतात. त्यांना चिरा पडल्यास त्या बदलणे हाच उपाय असतो. धातूच्या दात्यांच्या जलरोधक चेनला मेण, तर प्लॅस्टिकच्या चेनला उत्पादकाने सुचवलेले वंगण लावतात.

मर्यादा व सुरक्षितता

जलरोधन व तरणशक्ती या भिन्न गोष्टी आहेत. लाइफ जॅकेटची तरणशक्ती त्यातील बंदिस्त कोशिकांच्या फेसात असते, बाहेरील कापडाच्या लेपात नसते. फेस आक्रसला, कडक झाला किंवा पट्टे कुजले तर लेप देऊन जॅकेट सुरक्षित होत नाही. ते बदलावेच लागते. द्रावकयुक्त द्रव्यांनी फेस व पट्टे यांना अपाय होऊ शकतो, म्हणून लाइफ जॅकेटवर अशी द्रव्ये वापरत नाहीत.

इतिहास

१८२३ मध्ये स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिंटॉश यांनी नॅफ्थ्यात विरघळवलेले रबर दोन कापडांमध्ये घालून जलरोधक कापड तयार करण्याचे एकस्व मिळवले. हे कापड उन्हाळ्यात चिकट व थंडीत ताठ होई. चार्ल्स गुडइयर यांना १८४४ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळालेल्या रबराच्या गंधकीकरणामुळे हा दोष दूर झाला. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी ताणून विस्तारलेल्या पॉलिटेट्राफ्लुओरोइथिलीनचा शोध लावला. पाणी अडवणारी पण वाफ जाऊ देणारी पटले त्यातून विकसित झाली.

सुती कापडासाठी तुरटी व साबण यांची जुनी पद्धतही ज्ञात आहे. कापड आधी साबणाच्या व नंतर तुरटीच्या द्रावणात बुडवल्यास धाग्यांवर ॲल्युमिनियमचा अविद्राव्य साबण बसतो व कापड जलविकर्षी होते.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात पावसापासून रक्षणाची पारंपरिक साधने दरवर्षी दुरुस्त करूनच वापरली जात. बांबूच्या कामट्या व पाने यांपासून केलेले इरले पावसाळ्यापूर्वी नव्या पानांनी शाकारले जाई. धनगरी घोंगडीच्या लोकरीत मेंढीच्या अंगची चरबी असते व ती पाणी दूर ठेवते. तीव्र साबणाने ही चरबी निघून जाते. आधुनिक जाकिटांच्या धुलाईतही हीच सावधगिरी बाळगावी लागते. लाकडी होड्यांच्या फळ्यांमधील फटी कापूस, राळ व तेल यांनी बुजवण्याची पद्धत पश्चिम किनाऱ्यावर रूढ होती.

रायगड जिल्ह्यातील कोलाड येथे कुंडलिका नदीवर राफ्टिंग व कयाकिंग चालते. भिरा येथील जलविद्युत केंद्रातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर तेथील प्रवाह अवलंबून असतो. या भागातील नद्यांचे पाणी फारसे थंड नसल्याने संपूर्ण ड्राय सूटपेक्षा हलके जाकीट, स्प्रे-स्कर्ट व ड्राय बॅग यांची देखभाल अधिक उपयोगी ठरते.

उल्हास नदीच्या खोऱ्यात या विषयाला क्रीडेपलीकडचे महत्त्व आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत बदलापूरला पुराचा मोठा फटका बसला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्यामध्ये पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधून सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका करण्यात आली. त्या कार्यात हवा भरलेल्या बोटी वापरण्यात आल्या. बदलापूर पश्चिमेतील हेंद्रेपाड्यासारख्या नदीलगतच्या वस्तीत औषधे, शिधापत्रिका व शैक्षणिक कागदपत्रे कोरडी ठेवण्यासाठी ड्राय बॅग उपयोगी पडू शकते. मात्र तिची चाचणी पावसाळ्यापूर्वी, शक्यतो मे महिन्यात, करणे इष्ट असते. कारण छिद्र बुजवल्यानंतर गोंद पूर्ण वाळण्यास कोरडी हवा लागते.

साठवण

दमट हवेत पॉलियुरेथेनचे जलीय विघटन होते. त्यामुळे ओले साहित्य घडी घालून बंद कपाटात ठेवल्यास न वापरताही ते खराब होऊ शकते. वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत दोन्ही बाजूंनी वाळवून व सैल टांगून ठेवल्यास आयुष्य वाढते. पावसाळ्यात अधूनमधून ते बाहेर काढून हवा देतात.

पर्यावरणीय प्रश्न

अनेक वर्षे जलविकर्षी लेपांत फ्लोरिनयुक्त संयुगे वापरली गेली. ही संयुगे निसर्गात अत्यंत सावकाश विघटित होतात. स्टॉकहोम करारान्वये २००९ मध्ये पीएफओएस व २०१९ मध्ये पीएफओए या संयुगांवर निर्बंध आणण्यात आले. त्यानंतर मेण व सिलिकॉन यांवर आधारित पर्यायांचा वापर वाढला. मात्र तेल व मळ दूर ठेवण्यात ते कमी पडतात व त्यांचे लेपन अधिक वेळा करावे लागते. लेपनाचे उरलेले पाणी नाल्यात किंवा नदीत सोडणे टाळावे लागते. उल्हास नदी ही बदलापूर व अंबरनाथ परिसराच्या पाणीपुरवठ्याचा स्रोत असल्याने तेथे ही दक्षता विशेष आवश्यक ठरते.